निम्म्या किमतीतली लिलावाची गाडी

प्रश्न : बँकेने जप्त केलेली गाडी ऑनलाइन लिलावात निम्म्या किमतीत मिळते आहे. बोलीआधी अनामत भरायला सांगतात. भरू का?

उत्तर : आत्ता भरू नका. खऱ्या लिलावातही अनामत असते, पण ती बँकेच्या किंवा लिलाव कंपनीच्या नावाच्या खात्यात जाते, कुणाच्या वैयक्तिक यूपीआयवर नाही. बँकेच्या शाखेत जाऊन लिलावाची खात्री करा; जाहिरातीतला फोन नंबर त्यासाठी वापरू नका. गाडी यार्डात दाखवायला टाळाटाळ झाली, तर विषय तिथेच संपवा.

गाडीचा नंबर ‘एम-परिवहन’ ॲपवर टाका. कर्जाचा बोजा दिसला तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ मिळणार का, ते लेखी विचारा. चासी नंबर आरसीशी स्वतः ताडून पाहा.

इतकी स्वस्त गाडी पुरात बुडालेलीही असू शकते; ती ओळखणे जास्त कठीण. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. आतल्या पट्ट्यावर चिखलाचे डाग राहतात. गालिच्याखाली, स्टेपनीच्या खोबणीत गाळ आणि गंज शोधा. विमा कंपनीकडे जुन्या दाव्यांची चौकशी करा.

अनामत परत देतो म्हणून कुणी क्यूआर कोड पाठवला, तर स्कॅन करू नका. पैसे घ्यायला पिन लागत नाही. पैसे गेलेच, तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, फोन करा.