वाईट बातमी त्याच दिवशी सांगा

चाकण, रांजणगाव, भोसरी या पट्ट्यात जपानी कंपन्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या कारखान्यांत मी दुभाषी म्हणून काम करते. जपानी मी रानडे इन्स्टिट्यूटमध्ये शिकले. नवे उद्योजक भेटले की पहिला प्रश्न ठरलेला: किती वाकायचं, व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी द्यायचं का? द्या दोन्ही हातांनी. त्यांचं कार्ड लगेच खिशात टाकू नका, बैठक संपेपर्यंत समोर ठेवा. हे दोन मिनिटांत शिकता येतं आणि त्यात चुकलात तरी कुणी ऑर्डर काढून घेत नाही. ऑर्डर वेगळ्याच कारणाने जाते. तशी ती जाताना मी पाहिली आहे.

भोसरीतला एक कारखाना, नाव सांगत नाही. गिअरबॉक्समध्ये बसणारी एक छोटी पिन तिथे बनायची. हीट ट्रीटमेंट बाहेरून करून घेत. एकदा त्या जॉबवर्कवाल्याची भट्टी बंद पडली. डिस्पॅच अडू नये म्हणून मालकांनी माल दुसऱ्या भट्टीत पाठवला. हार्डनेस तपासला, तो ड्रॉइंगच्या मर्यादेत आला, माल वेळेवर गेला. ग्राहकाला काहीच कळवलं नाही, कारण कळवण्यासारखं काही घडलंय असं मालकांना वाटलंच नाही. आलेली अडचण गिऱ्हाइकाच्या कानावरही न जाता निस्तरली, तर आपल्याकडे पाठ थोपटतात. त्या दिवशीही तेच झालं.

पुढे ऑडिटला आलेल्या जपानी इंजिनिअरला कागद चाळताना दुसऱ्या भट्टीचं चलन दिसलं. एकही पिन सदोष निघालेली नव्हती. त्याने एवढंच विचारलं, की भट्टी बदलायचं कोणत्या तारखेला ठरलं आणि आम्हाला ते आज का कळतंय? मालक हार्डनेसचे रिपोर्ट पुढे करत राहिले. मी प्रश्न पुन्हा, सोपा करून सांगितला. उत्तर तेच आलं: साहेब, माल ओके आहे.

वाहन उद्योगात याला फोर एम चेंज म्हणतात. माणूस, मशीन, माल किंवा पद्धत, यांतलं काहीही बदलायचं असेल तर आधी कळवायचं आणि मंजुरी घ्यायची. ही नुसती कागदी अट नाही. वरचा हार्डनेस बरोबर असला तरी तो किती खोलवर गेलाय हे पिन कापल्याशिवाय दिसत नाही, आणि प्रत्येक पिन काही कापता येत नाही. म्हणून भरवसा पद्धतीवर ठेवावा लागतो. उद्या रस्त्यावर गाडीचा गिअरबॉक्स तुटला तर ती पिन कोणत्या लॉटमधली, कोणत्या भट्टीतली, हे सापडलंच पाहिजे.

त्या दिवशी कुणी आवाज चढवला नाही. पाहुण्यांनी चहा घेतला, आभार मानले, या बाबीचा विचार करू म्हणाले. मालकांना वाटलं, मिटलं. चालू मॉडेलची ऑर्डर मॉडेल बंद होईपर्यंत राहिली, पण पुढच्या मॉडेलचं ड्रॉइंग मात्र आलंच नाही. आपल्याकडे गिऱ्हाईक ओरडून जातं, तेव्हा निदान काय बिघडलं ते कळतं. इथे शांतता पसरली तर ती संमती समजू नका. त्याच आठवड्यात लेखी विचारा, की आमच्याकडून अजून काय हवं आहे.

मला जास्त लागलं ते वेगळंच. क्वालिटीचा मुलगा नंतर जिन्यात मला म्हणाला, "मॅडम, कळवायला पाहिजे हे मला माहीत होतं. पण साहेबांसमोर कसं बोलणार?" पुण्याला जपानी उद्योग नवा नाही. 1984 मध्ये फिरोदियांनी होंडाबरोबर कायनेटिक होंडा उभी केली, बजाजने कावासाकीबरोबर मोटरसायकली काढल्या. कायझेन, फाइव्ह एस हे शब्द आपल्या शेडच्या भिंतींवर रंगवलेले असतात. या कारखान्यातही होते. पण टोयोटाच्या असेंब्ली लाइनवर साध्या कामगारालाही गडबड दिसली की दोरी ओढून हाक मारता येते, प्रश्न सुटला नाही तर लाइन थांबते. तो हक्क आपण भिंतीवर रंगवला नाही.

म्हणून ऑडिटमध्ये ऑपरेटरला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मालकांनी देऊ नये. पाहुण्यांना भाषा कळत नसली तरी हे लगेच दिसतं. जपान्यांनाही मी सांगते, की "समजलं का?" असं विचाराल तर इथे "हो"च ऐकू येईल, त्यापेक्षा "करून दाखव" म्हणा.

दोष सापडला की त्याच दिवशी कळवा: काय झालं, किती नग, कोणता लॉट, तो आत्ता कुठे आहे, पुढची माहिती किती वाजता देणार. कारण अजून सापडलं नसेल तर नाही म्हणून लिहा. "ऑपरेटरची चूक, त्याला काढून टाकलं" हे उत्तर देऊ नका. चूक होऊ शकली कशी, हे ते पाच वेळा विचारतील. "यापुढे काळजी घेऊ" हाही उपाय धरला जात नाही. पालखीत रस्ते बंद राहतात, गणपतीत माणसं गावी जातात, हे दोन महिने आधी सांगितलं तर ते आनंदाने साठा वाढवून घेतात. त्यांच्याकडेही ऑगस्टच्या मध्यात ओबोनची सुट्टी असतेच.

आणि करार झाला की पहिल्याच आठवड्यात आपल्या क्वालिटीच्या माणसाला त्यांच्या क्वालिटीच्या माणसाशी थेट बोलायची परवानगी द्या, लेखी द्या. भट्टी रात्री बंद पडली आणि मालकांचा फोन लागत नसला, तरी त्याला तिकडे कळवता आलं पाहिजे.