पाठ घोड्याची, पैसे आपले

जुन्या खोगिराचं दुखणं दोन ठिकाणी असतं, चामड्यात किंवा सांगाड्यात. चामड्याचं दुखणं कोल्हापुरात बरं होतं. टाके उसवले, पट्टा झिजला, कड फाटली, तर सुभाषनगर, जवाहरनगरात पिढ्यान्‌पिढ्या कातड्यात राबलेली माणसं बसली आहेत. सांगाडा मोडला असेल तर मात्र इथं कुणाचा इलाज चालत नाही, आणि तो त्रास थेट घोड्याच्या पाठीत उतरतो. बेताच्या पैशांत उड्यांसाठीचं इंग्लिश खोगीर शोधणाऱ्यानं आधी हा फरक ओळखायला शिकावं.

कोल्हापूरला घोडा नवा नाही. शाहू महाराजांच्या खडखडा नावाच्या घोडागाडीच्या गोष्टी अजून घरोघरी निघतात, जिल्ह्यातल्या जत्रांत घोडागाडीच्या शर्यती लागतात. अडथळ्यांवरून उड्या मारायचा खेळ मात्र इथं थोड्याच मुलामुलींचा, आणि त्यांचे आईवडील शिक्षक, शेतकरी, दुकानदार असे आहेत. नवं जर्मन किंवा फ्रेंच जम्पिंग सॅडल लाखांच्या घरात जातं. त्यामुळे पुण्या-मुंबईच्या एखाद्या स्वारानं शिक्षणासाठी बाहेर जाताना विकायला काढलेलं खोगीर, हाच आपला बाजार. तबेल्यात येणाऱ्या मुलांच्या पालकांबरोबर अशी खोगिरं बघायला मी नेहमी जाते. त्यातून जे पटत गेलं ते असं.

१. पैशांचा हिशेब खोगिराच्या किमतीवर थांबवू नये. तंग, रिकिबी आणि रिकिबींचे पट्टे बहुतेक वेळा वेगळे विकले जातात. दुरुस्तीचे पैसेही आधीच बाजूला काढावेत. हातात असलेली सगळी रक्कम खोगिरावर घातली, की पट्टे जुनेच राहतात आणि मूल त्याच पट्ट्यांवर उड्या मारतं.

२. आधी घोडा मोजावा. खोगीर पुण्यात आणि घोडा कोल्हापुरात, ही आपली नेहमीची अडचण. त्यावर उपाय साधा आहे. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी वाकवता येणारी जाड तार घ्यावी. घोडा सपाट जमिनीवर चारही पाय सारखे टेकवून उभा असताना, खांद्याच्या हाडाच्या चार बोटं मागे ती पाठीवर आडवी ठेवून दोन्ही बाजूंनी नीट दाबावी. आकार न बिघडवता उचलून पुठ्ठ्यावर ठेवावी, पेन्सिलीनं रेघ ओढावी आणि पुठ्ठा कापावा. वर घोड्याचं नाव आणि तारीख लिहावी. हा पुठ्ठा खोगिराच्या पुढच्या कमानीत आतून धरला की रुंदीचा अंदाज जागच्या जागी येतो. कमान वरच टेकली तर ती रुंद आहे, बाजूंनी चावली तर अरुंद.

आपल्याकडे उड्यांसाठी येणारे बरेच घोडे शर्यतीतून निवृत्त झालेले थरोब्रेड असतात. त्यांचे विदर्स, म्हणजे मानेमागचा उंचवटा, उंच आणि पाठ निमुळती. मारवाडी किंवा काठियावाडी घोड्याची ठेवण निराळी. एका घोड्याला छान बसलेलं खोगीर शेजारच्या घोड्याला बसेलच असं नाही, म्हणून ‘मीडियम आहे, सगळ्यांना चालतं’ असं विकणारा म्हणाला तरी पुठ्ठा बाहेर काढावाच.

३. सांगाड्याच्या बाबतीत तडजोड करू नये. इंग्लिश खोगिराच्या आत लाकडाचा सांगाडा असतो, पुढच्या कमानीला पोलादी पट्टी आणि बहुतेकांत लांबीनं दोन पोलादी स्प्रिंगा. नव्या काही खोगिरांत तोच सांगाडा कृत्रिम साच्यातला असतो. स्वार उडीवरून खाली येतो तेव्हा त्याच्या वजनाचा दणका हा सांगाडाच पाठीवर पसरवतो. तो तुटला की सगळा भार एका जागी जातो.

तपासायला दोन मिनिटं पुरतात. पुढच्या कमानीची दोन्ही टोकं तळहातांत धरून एकमेकांकडे दाबावीत. तिथं जराही हालचाल नको. मग कमान पोटाला टेकवून मागची कड दोन्ही हातांनी आपल्याकडे ओढावी. स्प्रिंगांच्या सांगाड्यात थोडी लवचीकता असते, ती चांगलीच. पण बैठकीच्या मधोमध आडवी सुरकुती उठली, कुरकुर ऐकू आली किंवा एक बाजू दुसरीपेक्षा जास्त दबली, तर खोगीर खाली ठेवावं. शेवटी ते उलटं करून मागून बघावं. दोन गाद्यांमधला मोकळा गाळा सरळ रेषेत गेला पाहिजे. कमानीच्या मध्यापासून मागच्या कडेच्या मध्यापर्यंत दोरा ताणला की पीळ लगेच दिसतो. पिळलेल्या खोगिरावर बसलेला मुलगा नेहमी एका अंगाला कलतो आणि शिक्षक त्यालाच ओरडत राहतात.

हे सगळं विकणाऱ्याच्या समोर करायला संकोच वाटतो, विशेषतः तो ओळखीचा असेल तर. तरी करावं. ज्याच्या खोगिराचा सांगाडा धड आहे, तो माणूस तुम्हाला अडवत नाही.

४. पट्टे आणि टाके बघून भाव करावा. फ्लॅप, म्हणजे बाजूला लोंबणारं चामड्याचं पान, उचलला की प्रत्येक बाजूला तंग बांधायचे तीन पट्टे दिसतात. त्यांची भोकं लांबट झाली आहेत का, चामडं दुमडल्यावर बारीक भेगा पडतात का, हे बघावं. पट्टा वर जिथं कापडी पट्टीला शिवलेला असतो ती जागा तर सावकाश, उजेडात बघावी. घामाचं मीठ आधी तिथलाच दोरा खातं. बहुतेक खोगिरांत पहिला पट्टा वेगळ्या कापडी पट्टीवर असतो, दुसरा आणि तिसरा एकाच पट्टीवर. म्हणून तंग नेहमी पहिल्यावर आणि उरलेल्या दोनपैकी एकावर बांधायचा. एक पट्टी तुटली तरी दुसरी धरून ठेवते.

हे पट्टे बदलता येतात, आणि इथं कोल्हापूरचं बळ आहे. जवाहरनगरातल्या एका वयस्कर कारागिरांकडे मी नेहमी काम घेऊन जाते. आयुष्य चपला करण्यात गेलं, पण खोगीर हातात घेतल्यावर त्यांनी आधी जुना दोरा उसवून भोकं साफ केली. आरीचं टोक प्रत्येक भोकात घालून बघत म्हणाले, “ताई, जुन्याच भोकातनं टाका घालायचा. शेजारी नवी भोकं पाडली की चामडं तिथनंच फाटतंय.” मग मेण लावलेला दोरा, दोन सुया, एकाच भोकातून दोन्हीकडून आरपार. असा हातचा टाका एका जागी तुटला तरी शेजारचे टाके धरून राहतात. मशिनची शिलाई एकदा तुटली की सुटत जाते. चपलेला ते चामड्याची वादी वापरतात, तंगाच्या पट्ट्याला मात्र मेणाचा दोराच लागतो हे त्यांना सांगावं लागलं नाही. आपण सांगायचं ते एवढंच, की पट्ट्याचं चामडं ताणून लांबणारं नको आणि एका बाजूचा पट्टा बदलला तर दुसऱ्या बाजूचाही बदलायचा.

कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या हातांना खोगिराचं काम नेऊन द्यावं असं मला मनापासून वाटतं. मजुरी मात्र घासाघीस न करता द्यावी. त्या टाक्यावर आपल्या मुलाचा जीव असतो.

५. रिकिबीचा पट्टा ज्या लोखंडी दांडीला अडकतो ती दांडी हलवून बघावी. रिबिटी ढिल्या नकोत. चांगल्या खोगिरांच्या दांडीवर ‘फोर्ज्ड’ असं उमटवलेलं सापडतं, म्हणजे ती घडीव आहे. ओतीव दांडी ताणाखाली मोडू शकते. दांडीच्या टोकाला वर वळणारी खुंटी असेल तर स्वारीच्या वेळी ती खालीच ठेवायची, म्हणजे पडल्यावर पाय अडकला तर पट्टा निसटून येतो.

६. नाक आणि बोटं वापरावीत. आपल्याकडचा पावसाळा चामड्याचा वैरी. वरवरची पांढरी बुरशी पुसून जाते, तिला घाबरू नये. पण विकण्याआधी तेलात भिजवून काळंभोर केलेलं खोगीर दिसलं की मी जास्त वेळ थांबते. तेलाखाली वाळलेलं चामडं लपतं, आणि जास्त तेलानं टाके कमजोर होतात. फ्लॅपची वरची बाजू सगळेच चमकवतात. खालची बाजू दुमडून बघावी, ती खरं सांगते. कापडी पट्टीच्या खिळ्यांभोवती तांबूस डाग असतील तर आत गंज धरला आहे, आणि मग तिसऱ्या मुद्द्यातली तपासणी पुन्हा एकदा, जास्त जोर लावून.

७. खालच्या गाद्यांवर तळहात दाबत पुढून मागे न्यावा. गाठी, खड्डे, एक बाजू फुगलेली, हे हाताला कळतं. आतली लोकर काढून पुन्हा भरता येते, पण ते काम खोगीर भरणाऱ्या जाणत्या माणसाचं. गादीवाल्याकडून कापूस भरून घेऊ नये, घाम लागून त्याचे गोळे होतात.

८. स्वाराची मांडी विसरू नये. इटलीच्या घोडदळातल्या फेदेरिको काप्रिल्लीनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शिकवलं, की उडीवर स्वारानं मागे रेलण्याऐवजी पुढे झुकून घोड्याबरोबर जावं. त्याचा रिकिबी आखूड घेऊन बसायचा मार्ग जगानं उचलला आणि खोगिराचे फ्लॅप पुढे सरकले. म्हणून जम्पिंग खोगिरात मुलाला आखूड रिकिबींवर बसवूनच बघावं. गुडघा फ्लॅपच्या पुढे जायला नको आणि मागे चारेक बोटं जागा उरावी. बैठकीचं माप कमानीच्या बाजूच्या खिळ्याच्या डोक्यापासून मागच्या कडेच्या मध्यापर्यंत इंचांत घेतात. वाढत्या मुलाला अर्धा इंच मोठं चालतं, त्याहून जास्त नाही.

९. नावापेक्षा अवस्था बघावी. १८९४ पासून खोगिरं करणाऱ्या श्टुबेनचं नीट वापरलेलं जुनं खोगीर मिळालं तर आनंदच. पण मोडक्या नामांकित खोगिरापेक्षा कानपूरचं धडधाकट खोगीर मी डोळे मिटून घेईन. कानपूरचा माल परदेशातही जातो. स्वस्तातला आणि चांगला असे दोन्ही प्रकार तिथं आहेत, म्हणून तपासणी तीच. विंटेकसारख्या कृत्रिम खोगिराला लोक नाक मुरडतात, ते मला पटत नाही. पावसात ते पुसलं की झालं, आणि त्याची पुढची पट्टी बदलून रुंदी कमीजास्त करता येते. पिवळी अरुंद, काळी मध्यम, लाल रुंद. घोडा बदलणार असेल तर बेताच्या पैशांत याहून शहाणी खरेदी मला माहीत नाही.

१०. अनामत देऊन खोगीर काही दिवसांसाठी मागावं. पुठ्ठा पुरता जुळला तरी घोड्याची पाठ शेवटचा शब्द सांगते. आधी पॅड न घालता उघड्या पाठीवर ठेवावं, थोडं पुढे ठेवून मागे सरकवावं, ते आपली जागा शोधतं. स्वार बसल्यावर विदर्सच्या वर दोन-तीन बोटं जावीत, मागची कड शेवटच्या बरगडीपलीकडे जाऊ नये आणि गाद्यांखाली हात घातल्यावर मध्ये पोकळी लागू नये. अरुंद खोगिराखाली जाड पॅड घातलं तर ते आणखी अरुंद होतं.

मग घाम येईपर्यंत काम द्यावं आणि खोगीर उतरवून लगेच पाठ बघावी. दोन्ही बाजूंना सारखा ओलावा हवा. ओल्या पाठीत गाद्यांखाली एखादा कोरडा ठिपका राहिला असेल तर तिथं दाब फार आहे. पूर्वीच्या खोगिराच्या खुणा म्हणून पांढरे केस असतील तर त्यांचा फोटो काढून ठेवावा, नंतर नवे उगवले का हे कळतं. मोतद्दाराला विचारावं. तंग आवळताना घोडा कान पाडतोय का, चावायला येतोय का, खरारा करताना पाठ खाली घालतोय का, हे तो रोज बघतो. त्याचं उत्तर हो असेल तर अनामत परत घेऊन यावी.

११. खोगीर घेतल्यावरही तो पुठ्ठा जपून ठेवावा. पावसाळ्यात मैदानं चिखलानं भरतात, घोड्यांचं काम कमी होतं आणि पाठीचे स्नायू उतरतात. दसऱ्याच्या सुमारास काम पुन्हा जोरात सुरू करण्याआधी तार वाकवून नवी रेघ काढावी आणि जुनीशी ताडून बघावी. फरक थोडा असेल तर पातळ पॅडनं भागतं. जास्त असेल तर गाद्या भरून घ्याव्यात, आणि तोवर घोड्याला खोगिराशिवाय, लांब दोरीवर फिरवून काम द्यावं.