पिठाचा भडका

मंडळी, पीठ म्हणजे आपले रोजचे अन्न. त्याची भीती वाटावी असे त्यात काय आहे? डब्यातल्या पिठात जळती काडी पडली, तर काडी विझते. पीठ थोडे करपते, एवढेच. मग याच पिठाने अख्खी गिरणी उडवली असे कोणी सांगितले, तर आपण म्हणू, "काहीतरीच काय!" पण ही गोष्ट खरी आहे.

अमेरिकेत मिनियापोलिस शहरात, मिसिसिपी नदीच्या काठी, वॉशबर्न यांची मोठी पिठाची गिरणी होती. 2 मे 1878 चा दिवस. संध्याकाळचे सात वाजले होते. दिवसपाळी घरी गेली होती. रातपाळीचे 14 जण कामावर होते. एकाएकी कानठळ्या बसवणारा आवाज झाला. छप्पर उडाले, दगडी भिंती कोसळल्या. आतले सगळे 14 जण गेले. आग शेजारच्या गिरण्यांत पसरली. तिथे आणखी 4 माणसे दगावली.

गिरणीत दारूगोळा नव्हता. होते फक्त पीठ. चौकशीत असे ठरले की, जात्यात दाणा नसताना दगडावर दगड घासला व ठिणगी पडली. हवेत पिठाची धूळ भरलेली होती. तिने पेट घेतला.

असे का होते? चुलीत लाकडाचा ओंडका घाला. तो पेटायला वेळ लागतो. त्याच्याच ढलप्या केल्या, तर चटकन पेटतात. जिन्नस जितका बारीक, तितकी त्याला जास्त हवा लागते. एक सेंटिमीटरचा चौकोनी ठोकळा घ्या. त्याच्या सहा बाजू मिळून 6 चौरस सेंटिमीटर होतात. त्याचेच एक-एक मिलिमीटरचे ठोकळे केले, तर 1000 तुकडे होतात. त्यांच्या बाजू मिळून 60 चौरस सेंटिमीटर भरतात. पीठ तर त्याहूनही बारीक!

डब्यात पिठाचे कण एकमेकांना चिकटून बसतात. आतल्या कणांना हवा मिळत नाही. तेच पीठ हवेत उधळले, की प्रत्येक कण सुटा होतो. एक पेटला की शेजारचा पेटतो. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच सारे संपते. तापलेली हवा फुगते. उघड्यावर नुसता भडका होतो. पण बंद खोलीत तिला जायला वाट नसते. मग ती भिंत फोडूनच बाहेर पडते. यालाच आपण स्फोट म्हणतो.

म्हणजे पाच गोष्टी जमाव्या लागतात : जळणारी धूळ, हवा, ठिणगी, धुळीचे उधळणे आणि बंद जागा. पिठाप्रमाणेच साखर, लाकडाचा भुसा, कोळसा, गंधक, ॲल्युमिनियमची पूड, यांचीही धूळ पेटते. वाळूची किंवा सिमेंटची पेटत नाही. आपल्या देशात, आजच्या झारखंडातल्या धोरी खाणीत, 28 मे 1965 रोजी कोळशाची धूळ पेटली. 268 कामगार मेले.

जळणाऱ्या वायूचेही असेच. त्याला तर उधळावेही लागत नाही. तो आपोआप हवेत मिसळतो. खाणीतला मिथेन हवेत 5 ते 15 टक्के झाला, की एक ठिणगी पुरते. सिलिंडरमधला स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. तो गळला की जमिनीलगत साचतो.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. पुष्कळदा पहिला स्फोट लहान असतो. खरा घात दुसरा करतो. 7 फेब्रुवारी 2008 रोजी अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या पोर्ट वेंटवर्थ येथे एका साखर कारखान्यात असेच झाले. साखर वाहून नेणारा पट्टा पत्र्यांनी बंद केला होता. आत साखरेची धूळ कोंडली. बहुधा तापलेल्या बेअरिंगने ती पेटली. त्या हादऱ्याने तुळयांवर आणि जमिनीवर वर्षानुवर्षे साचलेली धूळ उडाली, आणि आगीचा लोट साऱ्या कारखान्यात धावत गेला. 14 माणसे मेली.

मग करावे काय? धूळ निघते तिथेच ती ओढून घेणारे यंत्र बसवावे. बेअरिंगला वेळेवर वंगण द्यावे. दाण्यातले खिळे, लोखंडाचे तुकडे लोहचुंबकाने काढावेत. यंत्राला जमिनीत तार जोडावी, म्हणजे घर्षणाने साठलेली वीज निघून जाते. धूळ झाडून, जागा साफ केल्याशिवाय वेल्डिंग करू नये. दाबाच्या हवेने धूळ उडवू नये. ती जाते कुठे? वर तुळईवरच बसते! कोठारांना आणि नळ्यांना कच्ची झडपे ठेवतात. स्फोट झालाच, तर झडप आधी फुटते व जाळ बाहेर मोकळ्या जागी जातो.

यातले बरेच काम मालकाचे आहे. खर्च त्यानेच करायचा. पण तुळईवरचा थर पहिल्यांदा दिसतो तो आपल्याला. "थोडी धूळ आहे, उद्या बघू," असे म्हणू नये. मुकादमाला सांगावे. त्याने ऐकले नाही, तर चौघांनी मिळून सांगावे. झाडू मारणाऱ्याचे काम हलके, असे आपण समजतो. पण अशा कारखान्यात साऱ्या पाळीचा जीव त्याच्या झाडूवर असतो.

सांगा पाहू : डब्यातले पीठ का पेटत नाही? आपल्या कामाच्या जागी धूळ कुठे कुठे साचते?