पाळणा लांबविण्याविषयी भाचीस पत्र

ठाणे

चि. सौ. भाचीस,


तुझे पत्र पोहोचले. कन्या वर्षाची झाली, तू पुन्हा नोकरीवर रुजू झालीस आणि पुढील तीन वर्षे दुसऱ्या अपत्याचा विचार करावयाचा नाही असे तुम्हा उभयतांचे ठरले, हे वाचून समाधान वाटले. एका बाळंतपणानंतर पुढची गर्भधारणा निदान दोन वर्षांनी व्हावी असे वैद्यकशास्त्रही सांगते, आणि आईच्या शरीराची झीज भरून निघण्यास तेवढा अवधी लागतोच. मात्र सर्वांत चांगले साधन कोणते, या तुझ्या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. कुटुंबकल्याण केंद्रात परिचारिका म्हणून नोकरीची सारी वर्षे काढल्यावर माझी खात्री झाली आहे ती इतकीच, की जे साधन एखाद्या घराच्या दिनक्रमात विनासायास टिकते, तेच त्या घरापुरते उत्तम होय.

हा विषय सासूबाईंच्या कानी पडेल म्हणून पत्र दडवून लिहिले असे तू म्हणतेस. पण हाच विषय उघडपणे मांडणारे लोक फार पूर्वीच होऊन गेले. तू राहतेस त्या शहाडपासून फार दूर नव्हे, मुंबईतच, प्रा. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली, म्हणजे लंडनमध्ये मेरी स्टोप्सबाईंनी आपले केंद्र उघडले त्याच वर्षी, संततिनियमनाचे केंद्र सुरू केले; या प्रचारापायी त्यांना विल्सन कॉलेजातील गणिताची प्राध्यापकी सोडावी लागली, तरी १९२७ पासून १९५३ साली देहावसान होईपर्यंत ते 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवीत राहिले. वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या मोकळ्या उत्तरांबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा १९३४ साली त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले. आणि बाबासाहेबांचे सहकारी रोहम यांनी १९३८ साली मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा जो ठराव मांडला, तो तेथे फेटाळला गेला. ज्या ज्ञानासाठी या मंडळींनी कोर्टाच्या पायऱ्या चढल्या, ते आज सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळत असता ते घेण्यास तू संकोचावेस, हे मला रुचत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येते. कोणतेही साधन न वापरणाऱ्या शंभर जोडप्यांपैकी सुमारे ८५ घरी वर्षभरात दिवस जातात. संबंधाच्या वेळी पुरुषाने आवरते घेण्यावर विसंबणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे २०, निरोध वापरणाऱ्यांत १३, रोजच्या गोळ्या घेणाऱ्यांत ७, तीन महिन्यांच्या इंजेक्शनात ४ आणि तांबी बसविलेल्यांत एकाहूनही कमी असते. त्याच गोळ्या एकही दिवस न चुकता घेतल्या, तर त्यांचेही अपयश शेकडा एकाच्या आत येते. तेव्हा या सातांतील बहुतेक उणीव औषधाची नसून विसरण्याची आहे, आणि विसरणे हा माणसाचा स्वभावच असल्यामुळे साधन निवडताना त्याची तजवीज आधीच करून ठेवणे शहाणपणाचे ठरते.

तुझा दिवस डोळ्यांपुढे आण. पहाटे डबा करून, लेकीला सासूबाईंच्या स्वाधीन करून तू शहाड स्टेशन गाठतेस, कसाऱ्याकडून भरून आलेल्या गाडीत कशीबशी शिरतेस आणि दिवेलागणीनंतर परततेस. जावईबापूंची कारखान्यातील पाळी दर आठवड्यास बदलते. अशा घरात रोज ठराविक वेळी गोळी घेण्याचा नेम पाळता येणारच नाही असे नाही, पण त्यासाठी पाकीट दात घासण्याच्या ब्रशाशेजारी ठेवण्याइतकी खबरदारी हवी. रोज घ्यावयाच्या माला-एनच्या पाकिटात २१ गोळ्या संप्रेरकांच्या आणि ७ लोहाच्या असतात. एक चुकली तर आठवताक्षणी घ्यावी, लागोपाठ दोन वा अधिक चुकल्या तर पुढील सात दिवस निरोधही वापरावा. उच्च रक्तदाब, रक्ताची गुठळी, दृष्टीपुढे चमक येऊन उठणारी अर्धशिशी किंवा पस्तिशीनंतर धूम्रपान, यांपैकी काही असल्यास ही गोळी वर्ज्य होय. छाया ही गोळी आपल्याच लखनौच्या संशोधन संस्थेत सिद्ध झालेली असून तीत ही संप्रेरके नाहीत. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, उदाहरणार्थ रविवारी आणि बुधवारी, व पुढे आठवड्यातून एकदाच ती घ्यावयाची असते. तिने पाळी काहीशी लांबते, याने घाबरू नकोस. अंतरा इंजेक्शन दर तीन महिन्यांनी घ्यावे लागते. पाळी अनियमित होते वा थांबते, आणि ते सोडल्यावर दिवस राहण्यास काही महिने विलंब होऊ शकतो, हे तुमच्या तीन वर्षांच्या हिशेबात धरावे.

तांबीविषयी शेजारणीने तुला भय घातले आहे, की ती पोटात वर चढते. ती गर्भाशयाच्या पोकळीत बसविलेली असते आणि तेथेच राहते. बसविताना गर्भाशयास इजा होण्याचे प्रसंग अत्यंत विरळ. पहिले काही महिने पाळीत रक्तस्राव व कळा वाढतात, क्वचित ती आपोआप बाहेरही पडते, म्हणून पाळीनंतर तिचा दोरा बोटास लागतो की नाही याची खातरजमा करावी. एका प्रकारच्या तांबीची मुदत दहा वर्षे, दुसरीची पाच; मात्र मूल हवेसे वाटले की ती केव्हाही काढता येते आणि गर्भधारणेची क्षमता लगेच परत येते. तुझे रक्त कमी नसेल आणि पाळी फार जात नसेल, तर तुझ्या दिनक्रमास मला हीच सर्वांत अनुरूप वाटते.

जावईबापूंनाही हे पत्र वाचावयास दे. निरोध हे एकच साधन गर्भधारणेबरोबर गुप्तरोगांपासूनही रक्षण करते. पण त्यास खोबरेल तेल लावू नये, त्याने रबर फाटते. पुढे कधी कुटुंब पूर्ण झाले असे तुम्ही ठरवाल, तेव्हा पुरुषाची बिनटाक्याची शस्त्रक्रिया ही स्त्रीच्या शस्त्रक्रियेहून सोपी असते हे त्यांनी ध्यानी ठेवावे. मात्र तिच्यानंतर तीन महिने दुसरे साधन वापरून मग तपासणी करावी लागते, आणि ही शस्त्रक्रिया कायमची समजूनच करावी. या शस्त्रक्रियेने पुरुषाची शक्ती जाते हा समज निराधार आहे. आणीबाणीत १९७६ साली झालेल्या सक्तीने पुरुषांच्या मनात जी भीती बसली, ती अद्याप पुरती गेलेली नाही. परंतु त्या काळाचा खरा धडा हा, की या मामल्यात सरकारचा, सासरचा वा माझाही हुकूम चालू नये.

म्हणून माझे म्हणणे तू सल्ला म्हणून घे. त्यांच्या सुट्टीच्या दिवशी दोघे मिळून कल्याणच्या रुक्मिणीबाई रुग्णालयात किंवा उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात जा, रक्त व रक्तदाब तपासून घ्या, मनातील प्रत्येक शंका डॉक्टरांना निःसंकोच विचारा आणि तेथून निर्णय करूनच घरी या. तोवर निरोध वापरा. चूक झालीच तर ७२ तासांच्या आत घ्यावयाची गोळी मिळते, ती जितकी लवकर घ्यावी तितकी बरी, मात्र तिला नेहमीचे साधन मानू नका. अपत्य केव्हा व्हावे हे ठरविण्याचा हक्क तुमचा आहे. तो दैवावर सोडू नका.



तुझी,
मावशी