कांद्याची मान पडली काय?

परसांतील कांदा केव्हां काढावा, हा प्रश्न चैत्र लागतांच घरोघरीं निघतो. मार्गशीर्ष-पौषांत लावलेला रब्बीचा कांदा लावणीनंतर सुमारें ११० ते १२० दिवसांनीं तयार होतो खरा. परंतु दिवसांचा हिशेब केवळ लक्ष ठेवण्यापुरता. निर्णय मानेवरून करावा.

जोंवर नवें पान फुटत असतें, तोंवर मानेच्या पोकळींत त्याचा आधार असतो व पात ताठ राहते. गड्डा पोसला म्हणजे नवीं पानें थांबतात, आधार जातो, आणि मान मऊ पडून पात आपोआप आडवी होते. वाफ्यांतील निम्म्याहून अधिक माना अशा पडल्या कीं काढणीस लागावें. सर्वांची वाट पाहूं नये. तोंवर आधीं पिकलेल्या कांद्यांचे पापुद्रे सुटूं लागतात. पाणी मात्र काढणीपूर्वीं १५ ते २० दिवस तोडलेलें असावें. कयाधूकांठची काळी जमीन तेव्हां दगडासारखी होते; म्हणून पात ओढूं नये, खुरप्यानें बाजूची माती सैल करावी. खुरप्याचा घाव लागलेला कांदा त्याच दिवशीं चुलीकडे न्यावा.

वाचकहो, खरी कसोटी अवकाळी पावसाची. आभाळ भरून आलें म्हणजे मान ताठ असतांच कांदा उपटण्याची घाई होते. ज्याच्या घरची पावसाळ्याची भाजी त्या वाफ्यांत आहे, त्याची भीति खोटी नव्हे. तरी जाड मान लवकर सुकत नाहीं, त्या वाटेनें कूज शिरते, आणि आषाढांत ढिगांत घातलेला हात ओला निघतो. तेव्हां पडलेल्या मानांचे कांदे काढून छपराखालीं घ्यावे. ताठ मानेचे काढणें भागच पडलें, तर ते वेगळे ठेवून प्रथम खावे किंवा विकावे. कित्येकजण पाय देऊन माना मोडतात. मान पडणें व मान पाडणें यांत अंतर आहे. अपक्व कांदा त्यानें पिकत नाहीं.

खरीपाच्या कांद्याची गोष्ट निराळी. तो थंडीच्या तोंडीं तयार होतो. पात हिरवीच राहते व मान सहसा आपण होऊन पडत नाहीं. गड्डा पुरता भरला व पातीवर पिवळी झांक आली, म्हणजे रिकामें पिंप वाफ्यावरून लोटून माना पाडतात व दोनतीन दिवसांनीं कांदा काढतात. तो फार दिवस टिकत नाहीं. साठवणीसाठीं रब्बीचीच जात घ्यावी : जुनी एन-२-४-१, किंवा राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संस्थेची भीमा शक्ति. बियाणें मिश्र असल्यास माना मागेंपुढें पडतात व अंदाज चुकतो.

काढलेला कांदा पातीसकट तीनचार दिवस शेतांत पसरावा, एका ओळीची पात दुसऱ्या ओळीच्या गड्ड्यांवर येईल असा; उघडा गड्डा वैशाखाच्या उन्हानें भाजतो. मग इंच-दीड इंच मान ठेवून पात कापावी, व डेंगळे आणि जोडकांदे निवडून बाकीचा माल दहाबारा दिवस सावलींत सुकवावा. मान चिमटींत दाबून पाहावी. ओलसर लागली, तर तो कांदा अजून साठवूं नये.