आजीचा विश्वास

(मंडळीच्या साप्ताहिक अभ्यासासाठीं)

वाचावयाचे शास्त्रभाग : २ तीमथ्य १:३-७ व ३:१४-१५, रूथ ४:१३-१७, १ करिंथ ७:१२-१६, १ तीमथ्य ५:४.

नव्या करारांत ‘आजी’ हा शब्द एकाच ठिकाणीं आला आहे. पौल प्रेषित कैदेंत असून त्याचें मरण जवळ येऊन ठेपलें होतें. अशा वेळीं तो आपला तरुण सोबती तीमथ्य यास पत्र लिहितो, आणि पत्राच्या आरंभींच त्याला तीमथ्याच्या आजीची आठवण होते. तिचें नांव लोईस. ती संदेष्ट्री नव्हती कीं राणी नव्हती. तिच्या हातून घडलेला एकही चमत्कार शास्त्रांत लिहिलेला नाहीं. पौल इतकेंच सांगतो कीं, जो निष्कपट विश्वास तीमथ्यामध्यें दिसतो तो प्रथम या आजीच्या ठायीं व मग आई युनीके हिच्या ठायीं वसत होता.

प्रिय वाचकहो, या वसण्याकडे लक्ष द्या. पाहुणा चार दिवस राहून जातो. जो वसतो तो घरचा होतो. लोईसचा विश्वास सणावारापुरता आलेला पाहुणा नव्हता. प्रेषितांचीं कृत्यें, अध्याय १६ यांत आपण वाचतों कीं, तीमथ्याचा बाप ग्रीक होता व आई विश्वास धरणारी यहूदी स्त्री होती. म्हणजे तें घर एका विचाराचें नव्हतें. तरीही बाळपणापासून तीमथ्याला पवित्र शास्त्राची ओळख झाली. त्या काळीं शब्बाथशाळा नव्हत्या, छापील पुस्तकें नव्हतीं. घरांतील स्त्रियांच्या तोंडून जें लेंकराच्या कानीं पडलें, तेंच त्याचें पहिलें शिक्षण.

लोईसचें चरित्र एका ओळींत आटोपलें आहे. परंतु आपल्या मराठी मंडळींत एक आजी अशी होऊन गेली कीं, जिनें आपली हकीकत स्वतःच्या हातानें लिहून ठेविली. त्या म्हणजे लक्ष्मीबाई टिळक.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालीं नाशिक जिल्ह्यांतील जलालपूर येथें झाला. वडिलांच्या घरीं सोवळ्याओवळ्याचा अतिशय कडक पाळा होता. बाळपणींच त्यांचा विवाह नारायण वामन टिळक यांच्याशीं झाला, आणि अक्षरओळख त्यांना पतीकडून झाली. पुढील गोष्टीचा आपल्या नागपुराशीं निकट संबंध आहे. टिळक कांहीं काळ येथें अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयानें ग्रंथलेखनाचें काम करीत होते. १८९३ सालीं येथून राजनांदगांवास जात असतां आगगाडींत त्यांची एका युरोपियन ख्रिस्ती गृहस्थाशीं गांठ पडली व त्यानें त्यांना पवित्र शास्त्र वाचावयास दिलें. डोंगरावरील प्रवचनानें टिळकांच्या मनाची पकड घेतली, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला.

टिळकांना प्रकाश मिळाला, पण लक्ष्मीबाईंवर जणूं आकाश कोसळलें. पति जिवंत असून त्या पतीवांचून झाल्या. लहान दत्तूला घेऊन कांहीं वर्षें त्या आप्तांच्या आश्रयानें राहिल्या. दुःखानें त्यांचें भान हरपावयाची वेळ आली. पुढें त्या पतीकडे अहमदनगरास गेल्या, तरी आरंभीं आपलें सोवळें सांभाळूनच राहिल्या. मग राहुरी येथें असतां एके दिवशीं त्यांनीं स्वतःशींच विचार केला : जाति देवानें केल्या कीं माणसानें? जन्म, मरण, हाडमांस, बरेंवाईट ओळखण्याची बुद्धि, हीं तर सर्वांचीं सारखींच आहेत. मग भेद देवाचा कसा? त्या दिवशीं त्यांच्या मनांतील भिंत पडली. १९०० सालीं राहुरी येथें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला.

यानंतरचें त्यांचें आयुष्य म्हणजे कुटुंबसेवा व विश्वास यांची एकच वीण आहे. हातीं आलेला पैसा टिळक गरजवंतास देऊन टाकीत, आणि चुलीची काळजी लक्ष्मीबाईंवर पडे. निराधार मुलांना त्यांच्या घरीं आसरा मिळे. ९ मे १९१९ रोजीं टिळक वारले, तेव्हां त्यांचें ‘ख्रिस्तायन’ हें काव्य अपुरें राहिलें होतें. ज्या बाईनें शाळा पाहिली नव्हती, तिनें त्यास चौसष्ट अध्यायांची भर घातली. मुलगा देवदत्त याच्या संसारांत त्या सासू व आजी म्हणून राहिल्या, त्याच्याबरोबर कराचीपर्यंत गेल्या, आणि उतारवयांत त्यांनीं ‘स्मृतिचित्रें’ लिहिलीं. १९३४ ते १९३६ या काळांत त्यांचे चार भाग प्रसिद्ध झाले, व १९५० सालीं इंग्रजी भाषांतरही निघालें. २४ फेब्रुवारी १९३६ रोजीं लक्ष्मीबाई प्रभूकडे गेल्या. त्या वेळीं त्यांचा नातू अशोक लहान मुलगा होता. पुढें मोठेपणीं त्यानेंच आजीच्या या ग्रंथाची अभिनव आवृत्ति संपादून काढिली.

या दोन आज्यांच्या चरित्रांवरून आपणांस चार गोष्टी शिकावयाच्या आहेत.

पहिली : विश्वास आपल्या पायांनीं चालत येतो, त्याला ओढून आणतां येत नाहीं. पुष्कळ गांवीं असें घडतें कीं, पुरुषाचा बाप्तिस्मा होतो आणि घरची बाई किंवा म्हातारी आई मागें राहते. मग कांहीं उतावळे कार्यकर्ते तिला टोचून बोलतात, ‘अंधारांतली’ म्हणतात. करिंथकरांस पौलानें काय लिहिलें तें पाहा : विश्वास न धरणारी पत्नी नांदावयास राजी असेल, तर पतीनें तिला सोडूं नये. लक्ष्मीबाईंस पांच वर्षें लागलीं. त्या पांच वर्षांचें दुःख त्यांनीं कधीं लपविलें नाहीं. उपदेशकहो, ज्या बाईला आज आपण हट्टी म्हणतों, तीच उद्यां मंडळीची माता होईल. तिला वेळ द्या, आणि तिच्या रडण्याला पाप म्हणूं नका.

दुसरी : आजीचा विश्वास हें वतन नव्हे. बाप वारला म्हणजे सातबाऱ्यावर मुलाचें नांव चढतें. परंतु विश्वासाचा फेरफार कोणत्याही पटवाऱ्याच्या दप्तरांत होत नाहीं. म्हणूनच आजीचें नांव घेतल्यावर पौल लगेच तीमथ्यास सांगतो कीं, तुझ्यांत जें देवाचें कृपादान आहे तें तूं प्रज्वलित कर. आजीनें विस्तव राखेखालीं जपून ठेविला. फुंकर नातवानेंच घातली पाहिजे. ‘आमची आजी फार भक्तिमान होती’ असें म्हणणारा, पण स्वतः शास्त्र न उघडणारा नातू थंड चुलीपाशीं बसून जुन्या स्वयंपाकाची चव सांगत असतो.

तिसरी : आठवण ठेवणें हें आपलें कर्तव्य आहे. आपण श्राद्ध सोडलें, पिंड सोडले. म्हणून शेजारी म्हणतात, ‘हे लोक वाडवडिलांना विसरले.’ या आरोपाला उत्तर शब्दांनीं देतां येत नाहीं. मृतांस अन्न पोंचविण्याची आपणांस गरज नाहीं, कारण ते प्रभूच्या हातीं आहेत; पण त्यांच्याबद्दल देवाचे आभार मानण्याची गरज आपणांस निश्चित आहे. आम्ही अंत्यविधीस जातों तेव्हां घरच्यांस विचारतों, ‘आजीबाईंचा बाप्तिस्मा कोणत्या सालीं झाला? पहिली प्रार्थना त्यांना कोणीं शिकविली? गांवानें पाणी बंद केलें तेव्हां त्यांनीं काय केलें?’ घरचीं माणसें एकमेकांकडे पाहतात. जिला विचारावयाचें ती तर समोर निजलेली असते. पन्नास वर्षांची साक्ष अशी एका दुपारीं मातीआड होते. हें नुकसान पीक बुडण्यापेक्षां मोठें आहे, कारण पीक पुढच्या हंगामीं पुन्हां येतें.

आणखी एक. आठवण खरी असावी. लक्ष्मीबाईंनीं पतीची थोरवी लिहिली, तसा त्यांचा रागही लिहिला. स्वतःची फजितीही हंसत हंसत सांगितली. आजीला देवी करूं नका. ती रागावत असे, सुनेशीं तिचें वाजत असे, आणि तरीही रात्रीं ती गुडघे टेकीत असे, असें सांगा. अशा आजीवरून देवाची कृपा अधिक चांगली कळते.

चौथी : आठवणीचा आरंभ जिवंतपणीं करा. मुलांनीं व नातवंडांनीं प्रथम आपल्या घरीं सुभक्ति दाखवावी व वडीलधाऱ्यांचे उपकार फेडावे, ही शिकवण पौलानें ज्या तीमथ्याला लिहिली तो लोईसचाच नातू होता! नामीनें रूथचें बाळ मांडीवर घेतलें, तेव्हां तिच्या रिकाम्या म्हातारपणास अर्थ आला. आपल्या घरची म्हातारी ओसरीच्या कोपऱ्यांत एकटी जेवत असेल, तर तिच्या स्मरणार्थ उद्यां केलेली उपासना देवाला कशी आवडेल?

म्हणून या आठवड्यांत प्रत्येक घरानें एक काम करावें. कापूस वेंचून माणसें घरीं आलीं, जेवणें झालीं, म्हणजे शाळेंत जाणाऱ्या नातवानें वही घेऊन आजीजवळ बसावें. ती सांगेल तें तिच्याच शब्दांत लिहून घ्यावें. तिला लिहितां येत नसेल तर त्यानें कांहीं अडत नाहीं. ज्या म्हाताऱ्या बाईला कोणी नाहीं, तिच्याकडे उपदेशकानें जावें.

मनन व चर्चेसाठीं प्रश्न

१. लोईसच्या घरीं सर्वांचा विचार एक नव्हता. तरी तीमथ्य विश्वासांत कसा वाढला?

२. घरांतील एखादें माणूस अद्याप विश्वासांत आलें नसेल, तर त्याच्याशीं आपलें वागणें कसें असावें?

३. श्राद्ध व उपकारस्मरण यांत भेद काय? शेजाऱ्यास तो कसा समजावून सांगाल?

४. आपल्या मंडळींत सर्वांत वयोवृद्ध बहीण कोण? गेल्या महिन्यांत तिच्या घरीं कोण गेलें होतें?