खोल खणून घातलेला पाया

शास्त्रभाग : लूक ६:४६–४९, मत्तय ७:२४–२७. सोबत वाचावे : लूक १४:२८–३०, १ करिंथ ३:१०, ११.

पाठाचा उद्देश : काळ्या मातीत घर बांधणाऱ्या आपल्या लोकांनी पाया कोठवर न्यावा हे समजून घ्यावे, आणि प्रभूच्या दाखल्यातील खणण्याचा अर्थ नीट मनात धरावा.



दोन घरांचा दाखला आपणां सर्वांस लहानपणापासून ठाऊक आहे. तथापि तो दोन शुभवर्तमानांत थोड्या निराळ्या रीतीने सांगितला आहे, इकडे पुष्कळांचे लक्ष जात नाही. मत्तयाच्या लेखात मूर्ख मनुष्य वाळूवर घर बांधतो. भोकरदन तालुक्यातील एका वस्तीवर मी हा भाग शिकवीत असता एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, “पाळकसाहेब, आमच्या शिवारात वाळू आहे कोठे? ती तर ट्रॅक्टरने विकत आणावी लागते.” त्यांचे म्हणणे खरे होते. परंतु लूकाच्या लेखात वाळूचा उल्लेखच नाही. तेथे दुसरा मनुष्य पाया न घालता जमिनीवरच घर उभे करतो, आणि पहिला मनुष्य खणतो, खोल जातो व खडकावर पाया घालतो. आपल्या गावांस लागू पडणारा दाखला तो हा. आपल्याकडे जी जमीन आहे ती काळी आहे, आणि काळ्या जमिनीवर खणल्यावाचून घातलेले घर काय होते हे आपण दरवर्षी पाहतो.

१. काळी आणि पांढरी

आपल्या वाडवडिलांनी गावाच्या जमिनीचे दोन भाग मानिले होते. शेतीची जमीन ती काळी, आणि वस्तीची जमीन ती पांढरी. गाव वसविताना ते पांढरीची, मुरमाची किंवा माळाची उंच जागा पाहत आणि काळी नांगराकरिता ठेवीत. त्यांनी प्रयोगशाळा पाहिली नव्हती, परंतु काळीवर भिंत टिकत नाही हे त्यांस अनुभवाने कळले होते.

आज गावठाण भरून गेले आहे. कुटुंबे वाढली, वाटण्या झाल्या, आणि नव्या घराची जागा बहुधा शेताच्या कडेला, काळीत मिळते. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेतून पुष्कळांनी २५ चौरस मीटरची पक्की घरे बांधली. या योजनेत पैसे हप्त्याहप्त्याने मिळतात आणि जोते दिसले म्हणजे पुढचा हप्ता सुटतो. म्हणून जोते लवकर वर आणण्याचा मोह होतो. जमिनीखाली किती गेलो हे कोणास दिसत नाही.

२. काळी माती का हलते

दख्खनच्या काळ्या पाषाणाची हजारो वर्षे झीज होऊन ही माती बनली. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचे एक अतिसूक्ष्म खनिज पुष्कळ असते. त्याचे कण पत्र्याच्या पातळ थरांसारखे एकावर एक असतात. पाणी मिळाले म्हणजे ते थरांच्या मध्ये शिरते आणि माती फुगते. पाणी गेले म्हणजे ती आकसते. वैशाखात शेतात चार बोटे रुंद भेगा पडतात त्या याच कारणाने, आणि मृगाचे पाणी पडल्यावर त्या आपोआप मिटतात तेही याच कारणाने.

ही माती ओल धरून ठेवते म्हणून कापसास ती आशीर्वाद आहे. घराखाली मात घर वर उचलणारी व खाली सोडणारी तीच माती. भिंतीच्या बाहेरील बाजूची माती उन्हाने सुकते व पावसाने भिजते. घराच्या मध्यभागाखालील माती झाकली गेल्यामुळे ओलीच राहते. एकाच घराखाली अशा दोन चाली चालल्या म्हणजे भिंत तिरपी चिरते, आणि ती चीर बहुधा खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यापासून निघते. येथे एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी : गरिबाचे एकमजली हलके घर अधिक चिरते. फुगणाऱ्या मातीस दाबून धरण्याइतके वजन त्यास नसते.

उपदेशकांनी हा पाठ सांगताना एक लहान प्रयोग करून दाखवावा. घराच्या जागेतील माती वाळवून, कुटून, बारीक चाळणीने चाळावी. दोन सारख्या, सरळ काचेच्या पेल्यांत ती समान, थोडी थोडी घालावी. एकात स्वच्छ पाणी व दुसऱ्यात रॉकेल भरून, ढवळून एक दिवस व एक रात्र तसेच ठेवावे. रॉकेलाने माती फुगत नाही, पाण्याने फुगते. पाण्यातील मातीचा थर रॉकेलातील थराच्या दुप्पट किंवा त्याहून जाड झाला, तर ती माती फार फुगणारी आहे असे समजावे. प्रयोगशाळेत हीच परीक्षा दहा ग्रॅम माती व मापाच्या नळ्या घेऊन करितात. पेल्यांनी नेमका आकडा मिळणार नाही, परंतु मातीचा स्वभाव सर्वांच्या डोळ्यांपुढे येईल.

३. आमची चूक

आता जे लिहितो ते लिहिण्यास मला संकोच वाटतो, तरी ते लिहिणे माझे कर्तव्य आहे. पिंपळगाव रेणुकाई हे गाव मिरचीच्या बाजाराकरिता दूरवर प्रसिद्ध आहे. त्या परिसरातील आमच्या एका लहान मंडळीने प्रार्थनामंदिराकरिता वर्गणी केली. मिरची तोडणाऱ्या बहिणींनी आपल्या मजुरीतून दर आठवड्यास काही बाजूस ठेविले. बांधकाम समितीचा अध्यक्ष मी होतो. मिस्त्री म्हणाला, “येथे काळी खोल आहे, आणखी खणावे लागेल.” मी विचारिले, “किती खर्च वाढेल?” त्याने सांगितल्यावर मी म्हणालो, “तीन फूट पुरे. सळई थोडी जास्त घाला.” वाचलेल्या पैशांतून दर्शनी कमान व रंग झाला. अर्पणाच्या दिवशी सर्वांनी कमानीची स्तुती केली.

दुसऱ्या पावसाळ्यानंतर दक्षिणेकडील भिंत खिडकीपासून तिरपी चिरली. आम्ही सिमेंटने भरली. उन्हाळ्यात ती पुन्हा उघडली. शेवटी एका बंधूने भिंतीशेजारी खड्डा घेतला. मुरूम सात फुटांवर लागला. आमचा पाया त्याच्या चार फूट वर, काळीतच लोंबकळत होता. तेव्हा मी मंडळीच्या सभेत उभा राहून सांगितले की, दोष मिस्त्रीचा नाही, सिमेंटचा नाही. लूक ६ वर दहा वेळा उपदेश करणाऱ्या माझा आहे. मी तो दाखला ऐकला होता व सांगितला होता. खणले मात्र नव्हते.

४. पाया कसा घालावा

प्रथम जागेवर एक परीक्षेचा खड्डा घ्यावा. जवळच्या विहिरीचा काठ पाहावा. विहीर खणणाऱ्यास काळी किती खोल आहे व मुरूम कोठे लागतो हे ठाऊक असते. नंतर पुढीलप्रमाणे करावे.

पहिली रीत. मुरूम पाच-सहा फुटांच्या आत असेल तर काळीत थांबू नये. सर्व काळी ओलांडून मुरमात निदान एक फूट शिरावे, आणि तेथे काँक्रीट घालावे. चर पायाहून रुंद घ्यावा, आणि दोन्ही बाजूंस खणलेली काळी माती परत न भरता मुरूम भरून धुमसाने चोपावा, म्हणजे फुगणारी माती पायास बाजूने धरून वर ओढणार नाही.

दुसरी रीत. काळी फार खोल असेल तर खांबांचा पाया करावा. १९४७ साली स्थापन झालेल्या रुरकी येथील केंद्रीय भवन संशोधन संस्थेने यावर पुष्कळ काम केले. जमिनीत हाताच्या सामत्याने गोल भोक पाडितात, तळाशी ते विशेष हत्याराने फुगीर करितात, आणि सळई घालून काँक्रीट भरितात. यास अंडर-रीम्ड पाइल म्हणतात. तळाचा फुगा खांबाच्या साधारण अडीचपट रुंद असतो आणि झाडाच्या मुळाप्रमाणे खांबास खाली धरून ठेवितो. १९८० च्या भारतीय मानकात खोल काळ्या मातीकरिता अशा खांबाची लांबी निदान साडेतीन मीटर, म्हणजे साडेअकरा फूट, सांगितली आहे. कारण तेवढ्या खोलीवर ऊन व पाऊस यांचा फेरा फारसा पोचत नाही. खांबांवर जी तुळई येते तिच्याखाली तीन इंचांहून थोडी अधिक जागा मोकळी ठेवावी. ती जागा विसरली तर फुगणारी माती तुळईसच वर ढकलते. हे काम इंजिनिअरच्या देखरेखीवाचून करू नये.

तिसरी गोष्ट जमिनीची. पाया चांगला असूनही खोलीतील फरशी उचलली जाते, कारण फरशीखाली काळी राहते. मुंबईच्या आय.आय.टी.तील प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी असे दाखविले की, फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या चिकट मातीचा सुमारे एक मीटर जाडीचा थर चोपून बसविला, तर खालच्या मातीचे फुगणे पुष्कळ आवरले जाते. आपल्याकडे चांगला मुरूम या कामी येतो. तो सहा-सहा इंचांच्या थरांनी, थोडे पाणी शिंपून चोपावा. एकदम ट्रॉली ओतून वर फरशी घालू नये.

याखेरीज सर्व भिंतींखालून सळईचा अखंड पट्टा जोत्याच्या पातळीवर फिरवावा. पायाचे काम कोरड्या दिवसांत करावे. खणलेला चर उन्हात आठवडाभर उघडा टाकू नये. शेवटचे काही इंच काँक्रीट घालण्याच्या दिवशीच खणावे.

५. पाण्याची व्यवस्था

घर बांधून झाले म्हणजे काम संपले असे नाही. माती एकसारखी ओली राहिली तरी घर चिरत नाही, एकसारखी कोरडी राहिली तरी चिरत नाही. ती बदलते म्हणून चिरते. यास्तव घराभोवती पाच-सहा फूट रुंद फरसबंदी बाहेर उतार देऊन करावी. पागोळ्यांचे पाणी भिंतीच्या मुळाशी पडू देऊ नये. मोरीचे सांडपाणी नळीने दूर न्यावे. गळका नळ एका कोपऱ्यास वर्षभर भिजवितो व तोच कोपरा आधी उचलला जातो. मोठी झाडे, ती जितकी उंच वाढणार तितक्या अंतरावर लावावी. त्यांची मुळे उन्हाळ्यात पायाखालील ओल शोषून घेतात.

ज्यांचे घर आधीच चिरले आहे त्यांनी घाबरू नये, आणि घाईने गिलावाही करू नये. प्रथम पाण्याची व्यवस्था सुधारावी. चिरेच्या दोन्ही टोकांस पेन्सिलीने खूण करून तारीख लिहावी, व एक उन्हाळा व एक पावसाळा ती पाहावी. चीर थांबली तर भरावी. वाढत असेल तर जाणत्या इंजिनिअरास बोलवावे.

आमच्या प्रार्थनामंदिराचे आम्ही असेच केले. इंजिनिअरच्या सल्ल्याने, कोरड्या दिवसांत, भिंतीखाली एका वेळी तीन-चार फूट लांबीचाच तुकडा खणून, मुरमापर्यंत जाऊन, काँक्रीट भरून, मगच दूरचा दुसरा तुकडा घेतला. जो खर्च आधी वाचविला होता त्याच्या कितीतरी पट लागला. खणण्यास मंडळीतील तरुण आले, आणि मीही घमेली उचलली. भिंतीवरील तारखांच्या खुणा आम्ही पुसल्या नाहीत. गेले दोन पावसाळे चीर त्यांच्या पुढे गेली नाही.

६. मनन

दाखल्यातील दोन्ही माणसांनी वचन ऐकले होते. दोघांची घरे वरून सारखीच दिसत असावी. फरक जमिनीखाली होता, आणि प्रभू सांगतो की तो फरक ऐकून करण्याचा आहे. खणणे म्हणजे आज्ञापालन. त्यास वेळ लागतो, पाठ दुखते, आणि कोणी स्तुती करीत नाही.

आपण पुराची वाट पाहतो. मोठे संकट येईल तेव्हा विश्वासाची परीक्षा होईल असे म्हणतो. काळ्या मातीने मला निराळे शिकविले. येथे बहुधा पूर घर पाडीत नाही. ऋतूंचा फेरा पाडतो. नाताळात फुगणारा आणि दुष्काळात आकसणारा, पीक आले म्हणजे उपकारस्तुती करणारा आणि भाव पडला म्हणजे उपासनेस न येणारा विश्वास असाच वर्षानुवर्षे थोडा थोडा चिरत जातो. यास्तव ऋतूबरोबर न बदलणाऱ्या त्या एका पायापर्यंत पोचावे, ज्याविषयी पौलाने करिंथकरांस लिहिले.

१८४३ साली बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी पुढे जालन्याजवळ ख्रिस्ती वसाहत वसविली आणि तिला बेथेल हे नाव दिले. बेथेल येथे याकोबास उशास घेण्यास धोंडा जमिनीवरच मिळाला होता. आपल्या काळीत तो खाली आहे. खणावे लागते, परंतु खणणाऱ्यास तो लागतो.

वर्गाकरिता प्रश्न

१. मत्तय व लूक यांच्या दाखल्यांत कोणता फरक आहे? आपल्या गावास कोणता अधिक लागू पडतो?
२. वडिलांनी काळी व पांढरी असा भेद का केला?
३. लूक १४:२८ प्रमाणे खर्चाचा हिशेब करिताना आपण जमिनीखालचा खर्च धरतो काय?
४. माझ्या आयुष्यात कमानीवर खर्च होतो आणि पायावर होत नाही, अशी कोणती गोष्ट आहे?

प्रार्थना : हे प्रभू, ऐकण्यावर समाधान मानणारे आमचे मन बदल. जेथे आम्ही अर्ध्यावर थांबलो तेथून पुढे खणण्याचे बळ दे, आणि आमच्या लेकरांस न हलणारे घर लाभू दे. आमेन.